चाफ्याभोवतीची बांधी
गोरेगावला आम्ही घर बांधलं तेव्हा आईने फाटकाशी सोनचाफा लावला. ती गेल्यावर मी बाबांना याच जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावकडच्या आमच्या गावातून इथे घेऊन आले. जन्मभर धानाची शेती केलेला माणूस, रिकामा कसा बसेल? त्यांनी चाफ्याभोवती मातीची पाळ घातली आणि आत पाणी तुंबवलं. फाटकाशी धानाच्या शेतातली बांधीच तयार झाली! मला हसू आलं. हाताला काम मिळालं म्हणून बरंही वाटलं.

मग पानं पिवळी पडायला लागली. बाबांनी पाणी वाढवलं. शेंड्याच्या फांद्या वाळल्या, तसं आणखी वाढवलं. त्यांना दिसू नये म्हणून मी पहाटेच उठून पानगळ झाडून टाकायची. आईच्या हातचं एवढंच उरलं होतं. तेही गेलं तर बाबा सावरणार नाहीत, या धास्तीने माझं जेवणात लक्ष लागेना.

शेवटी कृषी खात्यातल्या माझ्या मैत्रिणीला बोलावलं. तिने बुंध्याजवळ थोडं उकरलं. मुळं काळी पडलेली, कुजका वास. "पाणी बंद कर, पाळ फोड," ती म्हणाली. "वाचेल की नाही, सांगता येत नाही."

ती गेल्यावर मी फावडं उचललं. बाबांनी दांडा धरला.

"बांधी कायले फोडून राहिली?"

"मुळं सडलीत बाबा! तुमच्या पाण्यानेच." मी तोडूनच बोलले. माझा स्वभावच तसा.

त्यांनी दांडा सोडला.

"तुह्या मायलेही डॉक्टरानं पानी बंद सांगतलं होतं," ते म्हणाले. "किडनीचं होतं ना. तुही माय पानी मांगे, अन् मी देत नव्हतो."

माझा राग कुठल्या कुठे गेला. आईच्या खाटेजवळ रात्रंदिवस तेच होते. मी सुट्टीच्या दिवशी जायची. हे मला कधी कळलंच नव्हतं.

पाळ त्यांनीच फोडली. पाणी रस्त्यावर वाहून गेलं.

चाफा अजून उभा आहे, अर्धा वाळलेला. पान फुटलेलं नाही. बाबा रोज सकाळी विचारायचे, "आज थोडसं देऊ काय?" मी मातीत बोट खुपसून बघायची आणि 'नाही' म्हणायची. ते मुकाट्याने आत जायचे. काल माती कोरडी लागली. मी घरातून तांब्या भरून आणला आणि त्यांच्या हातात दिला.