मिठानं घासलेली ताटली

आमच्या कोहिनूर गावात माझ्या धाकट्या दिराइतका बिनकामाचा आणि तरी सकाळपासून कामात बुडालेला माणूस दुसरा झाला नाही. गुलबर्ग्याच्या कॉलेजात गणित शिकवून भावजी निवृत्त झाले आणि दोन पिशव्या कपडे व सात पिशव्या वह्या घेऊन आमच्याकडे राहायला आले. वह्या पुरल्या नाहीत तेव्हा लग्नपत्रिकांच्या पाठी भरल्या, मग गॅसच्या पावत्या, शेवटी माझं कॅलेंडर. अमावस्या कधी हे बघायला मी गेले, तर तिथं वर-खाली जाणाऱ्या लाटा काढलेल्या.

त्यांचा विषय एकच. एक रसायन म्हणे लालाचं आपोआप निळं होतं, परत लाल, परत निळं. पसरट ताटलीत ओतलं तर त्यात गोल कडी उठतात. हे का होतं त्याचं गणित ते तीस वर्षं मांडत होते. स्वतः करून मात्र कधी बघितलं नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून मला त्यांनी दह्यावरून सांगितलं. "वैनी, विरजण दुधाचं दही करतंय, ते नवं दही आणखी दही करतंय. आपणच आपल्याला वाढवायचं. तसंच हे."

"पण भावजी, दह्याचं परत दूध होतंय का?"

ते इतके खूश झाले की ताटावरून उठले. "समद्यांनी हेच विचारलं बघा. वाढवणाऱ्याला अडवणारा एक पायजे, आन् त्यो उशिरा याय पायजे." वही सापडेपर्यंत भाकरी गार. परत तव्यावर मीच टाकायची.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी ते डोळ्यांनी बघायचं ठरवलं. बिदरहून बाटल्या आल्या, काचेची ताटली आली. दारात सायकलसुद्धा नाही, आणि हा माणूस बॅटरीत घालायचं पाणी विकत आणतो. रोज ओसरीवर बसून ढवळायचे आणि घड्याळ लावून बघायचे. रसायन लाल ते लालच. शेजारचे अण्णा जाता-येता विचारायचे, "सर, झालं का न्हाई निळं?" महिना गेला. भावजींचं जेवण निम्म्यावर आलं. एका सकाळी त्यांनी सातही पिशव्या न्हाणीच्या चुलीपाशी आणून ठेवल्या. "घ्या वैनी, पेटवायला. गणितच चुकलंय."

मला रागच आला. "तीस वर्षं ह्यात डोकं घातलाव, आन् आता जाळायलाव? कामून होत न्हाई, ते तरी सांगा."

"पाणी शुद्ध हाय, मापं बरोबर हायत. एक मीठ तेवढं चालत न्हाई त्याला. जरा पडलं की थांबतंय. पण इथं मीठ कुठनं येणार?"

मी चुलीपुढंच बसले. उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं. काचेचं भांडं आम्ही मिठानं घासतो आणि फडक्यानं पुसतो; सासूबाईंनी लावलेलं वळण. ती ताटली मी रोज लख्ख करून ठेवत होते, उपकार केल्यासारखी.

सांगून टाकलं. वाटलं, चिडतील.

"रोज?"

"रोज."

"किती मीठ घेताव?" असं विचारून त्यांनी तेही वहीत लिहून घेतलं.

त्या दुपारी ताटली बॅटरीच्या पाण्यानं तीनदा धुतली. मी डाळ निवडत समोर बसले. बऱ्याच वेळानं लालात एक निळा ठिपका आला, त्याचं कडं झालं, त्याच्या आत आणखी कडं. दुसरीकडून आलेलं कडं भिडलं की तिथं दोन्ही विरून जायची. भावजी चष्मा पुसत बसले होते. म्हटलं, "बघा की आता. एवढ्यासाठी माझं कॅलेंडर नासवलाव."

दिवाळीनंतर भावजींना त्यांच्या लेकीनं गुलबर्ग्याला नेलं. आता कॅलेंडर कोरं असतं, भाकरी गरम असतानाच संपते. ताटली फडताळात आहे. मीठ लावत नाही तिला. बॅटरीचं थोडं पाणी उरलंय. धूळ बसली की त्यानं धुते.