बंगईच्या फळीचं टेबल

माझा जावई मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. हे लिहायला मला लाज वाटत नाही. त्याच्या तोंडावर कधी बोललो नाही, एवढंच. तो पुण्याचा. कॉम्प्युटरवर काम करतो, सासरी हाफपँट घालून फिरतो, आणि आमच्या गावी, पिंपळगाव राजात आला की माझ्या ‘मले-तुले’वर गालातल्या गालात हसतो. माझी मुलगी त्याच्यासमोर पुण्यासारखं बोलते आणि मी एकटा असलो की आमच्यासारखं. त्याचाही राग मी त्याच्यावरच काढायचो, अर्थात मनातल्या मनात.

त्यात त्याने होडी घेतली. मोटरची नाही, शिडाची. पुण्याजवळच्या कुठल्याशा धरणावर ती बांधलेली असते आणि रविवारी हे दोघं तिथे जातात, असं मुलगी फोनवर सांगायची. मी म्हटलं, आमच्याकडे उन्हाळ्यात घागरभर पाण्यासाठी टँकरची वाट बघतात आणि हा गृहस्थ पाण्यावर फिरायला शीड लावून जातो. मुलीने विषय बदलला. ती माझ्याशी कधी वाद घालत नाही, आणि याचा मला अभिमान होता.

आता बंगईचं सांगतो. आमच्या बैठकीत बंगई होती. पुण्यात तिला झोपाळा म्हणतात. दीड फूट रुंद, चार फूट लांब, अखंड सागवानाची फळी. लग्नाच्या वर्षी मी ती स्वतः रंधून काढली होती. मी आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवत होतो, तीस वर्षं शिकवलं, पण इतकं चांगलं लाकूड पुन्हा माझ्या हाताला लागलं नाही. दुपारची भांडी झाली की माझी बायको त्या फळीवर बसायची, पाय खाली सोडायची, डोळे मिटायची आणि पायाच्या अंगठ्याने जमिनीला हळू रेटा द्यायची. मला वाटायचं, थकते बिचारी. तीन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून त्या फळीवर मी कुणाला बसू दिलं नाही, मीही बसलो नाही. ती जिथे बसायची तिथली कड झिजून गुळगुळीत झाली होती. येता-जाता मी तिथे हात ठेवायचो.

यंदा धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला. तीन वर्षांतून एकदा येणारा हा जादा महिना म्हणजे जावयाचा. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, मग तो हाफपँटीत का असेना. माझी बहीण आमच्याकडच्याच उंद्रीहून चार दिवस आधी येऊन बसली, तिने तेहतीस अनारसे तळले, पुरणाचे धोंडे केले. मी जावयाचे पाय धुतले. पासष्टीच्या माणसाने वाकून त्या माणसाचे पाय धुवायचे आणि तो वरून ‘असू दे हो बाबा, असू दे’ म्हणतोय, आणि पाय मात्र ताटात तसाच ठेवतोय.

जेवण झाल्यावर बहिणीने तांब्याच्या ताटात दिवा आणि अनारसे ठेवून वाण दिलं. मी चांदीची वाटी आणली होती, ती पुढे केली. त्याने ती हातात घेतली, परत ठेवली.

‘‘बाबा, रागावणार नसाल तर दुसरं काही मागू?’’

मी रागावलेलोच होतो, पण म्हटलं, मागा.

‘‘होडीत बसायला मागे एक खोलगट चौक असतो. दोन बाजूंना बाक, मध्ये पाय सोडायला जागा. तिथे एक टेबल हवंय. काढता-घालता येईल असं, लाकडी. तुमच्या हातचं.’’ आणि त्याने बंगईकडे बोट दाखवलं. ‘‘या फळीचं.’’

मी मुलीकडे पाहिलं. तिच्या आईची फळी होती ती. एका शब्दाने तिने त्याला गप्प करावं, एवढीच माझी अपेक्षा होती. ती ताटातल्या अनारशावरची खसखस बोटाने टिपत राहिली. मान वर केली नाही.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. बहीण मागोमाग आली.

‘‘दादा, मुकाट्यानं देऊन टाक.’’

‘‘काऊन देऊ? तिची जागा आहे ते.’’

‘‘मले काय समजत नाई का? पण धोंड्यात जावयानं तोंडानं मांगतलं अन् सासऱ्यानं नाई म्हटलं, असं आपल्या घरात झालं नाई. पोरगी नांदून राह्यली त्याच्या घरी. तिच्या तोंडाकडं पाह्य जरा.’’

तिच्या तोंडाकडे बघून मी हो म्हटलं. त्याच्यासाठी नाही, हे त्याला कळावं म्हणून मी चांदीची वाटी परत कपाटात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी ती दोघं गेली आणि आठवड्याने मोबाइलवर त्याचा आराखडा आला. सगळं मिलिमीटरमध्ये. दोन्ही बाकांना आतून खाच पाडलेल्या पट्ट्या बसवायच्या, त्या पट्ट्याही मीच करायच्या. फळी वरून त्या खाचांत उतरवायची, चहा-नाश्ता करायचा, आणि होडी वळवायच्या आधी उचलून बाजूला ठेवायची, कारण टेबल जागेवर असलं की सुकाणूचा दांडा त्याला अडतो. खाली एक ओळ होती: ‘फट अजिबात नको, ग्लास खडखडतात.’

मला शिकवतो! मी दोन दिवस त्या ओळीने धुमसत होतो.

सुतारकाम न कळणाऱ्यांसाठी सांगतो. आमच्याकडच्या मे महिन्यात लाकूड पापडासारखं वाळलेलं असतं. तेव्हा घट्ट बसवलेली खिडकी पावसाळ्यात फुगते आणि लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. म्हणून उन्हाळ्यात काम करताना दोन सूत जागा सोडायची, म्हणजे पाव इंच. आयटीआयमध्ये पहिल्या दिवशी मी पोरांना हातात रंधा द्यायच्या आधी हे सांगत असे. तीस वर्षं ‘दोन सूत, दोन सूत’ करून घसा कोरडा केला. पोरांनी माझं नावच दोन सूत सर पाडलं होतं.

आणि हे टेबल तर पाण्यावर राहणार होतं.

मला एका ओळीत उत्तर देता आलं असतं. मी दिलं नाही. वैशाखासारख्या उन्हात, भर दुपारी, बंगईच्या कड्या सोडवून मी फळी खाली घेतली, करवत चालवली, आणि खाचेत अशी बसवली की मधून कागद जाणार नाही. बसवताना ‘टच्च’ असा आवाज आला. मनात म्हणालो, घे लेका, तुझी बिनफटीची फळी. पावसाळ्यात उचलून दाखव. मला त्यावेळी फार बरं वाटलं. गेल्या तीन वर्षांत इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

पार्सल पाठवून दिलं. बैठकीत छताला चार कड्या लोंबत राहिल्या. त्या काढायच्या नाहीत असं मी ठरवलं; जावई पुढच्या वेळी येईल तेव्हा त्याला दिसायला हव्यात.

श्रावण अर्धा सरला तेव्हा मुलगी एकटीच आली. गाडी स्वतः चालवत, न कळवता. डाव्या हाताच्या दोन बोटांना जाड पट्टी होती. डिकीतून तिने उजव्या हाताने ती फळी ओढून काढली, मला हात लावू दिला नाही, आणि कड्यांखाली जमिनीवर आणून ठेवली. फळीला पाणी पिऊन काळपट रंग आला होता. एका कडेला पाचर घालून उचकटल्याच्या खुणा होत्या.

‘‘हे काय झालं?’’

‘‘फसली. वारं फिरलं अचानक. होडी वळवाची होती, फळी निघेना. दोन्ही हातानं उपसली तं एका बाजूनं उसळली, अन् मधात बोटं सापडली. एकाचं हाड मोडलं.’’

‘‘अन् तो? तो काय करून राह्यला होता?’’ मी ओरडलोच. ‘‘स्वतःची होडी स्वतःले वळवता येत नाई त्याले?’’

‘‘होडी त्याची नाई बाबा. माझी आहे.’’

मी खुर्चीत बसलो.

‘‘माझ्या पगारातून घेतली. शिकले मीच. त्याले तं होडीत चक्कर येते, तो काठावर बसते.’’

‘‘मंग फळी त्यानं काऊन मांगतली?’’

‘‘मी सांगतलं त्याले मांगाले. आराखडाबी माहाच होता, फक्त ते गिलासाचं त्यानं आपल्या मनानं लिहिलं. मी मांगतलं असतं तं तुम्ही दिली असती का? मी पोहायले शिकाचं म्हटलं तवा नाई म्हणले. आईनं माह्यासाठी विचारलं, तवाबी नाई. म्हटलं, धोंड्यात जावयाले नाई म्हणता येत नाई तुमाले.’’

मी म्हटलं, तिच्या आईची जागा होती ती, एवढा तरी विचार करायचा. यावर ती पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवून बोलली.

‘‘आई झोपत नव्हती बाबा तिच्यावर. डोळे मिटून नदीत पोहायची ते. माहेरी पोहायची तसं. मले जवळ घेऊन सांगायची, आता मधात आलो, आता पाणी थंडं झालं. तुमी आले का उठून चहा ठेवायची.’’

चाळीस वर्षं मी त्याच बैठकीत पेपर वाचत होतो. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. बायकोचा राग आला, मुलीचा आला, आणि मग ज्याचा यायला हवा होता त्याचा, माझा स्वतःचा, आला.

‘‘मले माहीत होतं फळी फुगीन म्हणून,’’ मी म्हटलं. ‘‘मले वाटलं, त्याची होडी आहे.’’

रडेल असं वाटलं, पण ती रडली नाही.

‘‘साऱ्या दुनियेच्या पोरांले दोन सूत सोडा म्हणून शिकवलं,’’ ती म्हणाली. ‘‘माह्या घरासाठी नाई सोडले तुमी.’’

मी उठलो, रंधा आणला, पातं लावलं. फळी दोन खुर्च्यांवर आडवी टाकली. तिने चांगल्या हाताने एक टोक दाबून धरलं, पट्टीचा हात छातीशी. आईच्या बाजूची झिजलेली कड मी तशीच ठेवली आणि समोरची कड रंधायला घेतली. ओलं लाकूड नीट निघत नाही, तुटून-तुटून निघतं. पुरे दोन सूत काढायला मला संध्याकाळ झाली. मोजपट्टी लावून मी तिला दाखवलं.

तिने मोजपट्टीकडे पाहिलंच नाही.

‘‘अजून एक सूत काढा,’’ ती म्हणाली. ‘‘तुमच्या मापावर आता माहा भरोसा नाई.’’

मी अजून एक सूत काढलं.