घरचा स्टँडबाय

माझा मुलगा एका विमान कंपनीत सहवैमानिक आहे आणि आम्ही भाईंदर पूर्वेला, गोडदेवमध्ये राहतो. या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत हे नोकरी लागली तेव्हा आमच्या लक्षात आलं नव्हतं.

वैमानिकाला रोज उड्डाण नसतं. काही दिवस स्टँडबायचे असतात. कुणी आजारी पडलं, कुणाचं विमान दुसऱ्या गावी अडकलं, तर कंपनीचा फोन येतो आणि ठरलेल्या वेळात विमानतळावर हजर व्हावं लागतं. फोन आलाच नाही तर दिवसभर नुसतं तयार राहायचं. सुरुवातीला ही वेळ ऐसपैस होती, म्हणून तो स्टँडबाय घरूनच करायचा.

माझ्यासारख्या आईला याहून सोयीचे दिवस मिळणार नाहीत. इस्त्रीचा शर्ट दारामागे हँगरला, बॅग भरलेली, दाढी केलेली, आणि मुलगा घरात. त्याला बाहेर जाता येत नाही, मित्रांकडे जाता येत नाही. मग तो कंटाळून स्वयंपाकघरात यायचा आणि ओट्याला टेकून उभा राहायचा. मी एका खासगी हॉस्पिटलचं स्टोअर सांभाळते. त्याच्या महिन्याच्या ड्युट्यांचं रोस्टर आलं की मी त्याचे स्टँडबाय बघून माझ्या रजा टाकायचे. माळ्यावरचे डबे काढणं, पंख्याची पाती पुसणं, मटार सोलणं, पडद्याचे हुक बदलणं, ही सगळी कामं त्या दिवसांसाठी राखून ठेवायचे. पौर्णिमेला स्टँडबाय आला तर तो विहारात येऊ शकत नसे. मी वंदना झाली की कुणाशी न बोलता घरी परत.

हात कामात असले की तो बोलायचा. एकदा पडद्याचा हुक लावता लावता म्हणाला, "उत्तरेकडून उतरताना आपली खाडी दिसते, आई. मिठागरं दिसतात. आपली बिल्डिंग नाही दिसत, पण ती दिसली असं मी धरतो."

"आणि मग?"

"मग काय, चाकं खाली घेतो."

पुढे कंपनीने ती वेळ कमी केली. गोडदेवहून विमानतळ त्या वेळात गाठणं अशक्य, असं त्याने एका वाक्यात सांगितलं आणि विमानतळाजवळ मरोळला दोन वैमानिकांबरोबर भाड्याच्या घरात राहायला गेला. मी त्याला भांडी, चादरी, मसाल्याचे डबे, औषधांची पेटी असं सगळं नावं चिकटवून दिलं. दारामागचा हँगर रिकामा राहिला.

दोनेक वर्षांनी त्यांच्या कंपनीत वाद पेटला. वैमानिकांच्या संघटनेने व्यवस्थापनाला मागण्या दिल्या आणि त्या मान्य झाल्या नाहीत तर संपाची नोटीस लागेल असं कळवलं. पहिली मागणी सलग रात्रीच्या ड्युट्या कमी करण्याची, दुसरी आठवड्याला पुरेशी सलग विश्रांती मिळण्याची. तिसरी, स्टँडबायला हजर होण्याची वेळ पूर्वीसारखी करा. पुढच्या मागण्या मी वाचल्या नाहीत. तिसरी मान्य झाली तर मुलगा घरी येणार होता.

आमच्या मजल्यावर एक काका राहतात. मूळचे कोकणातले, बस डेपोतून निवृत्त झालेले, तरुणपणी युनियनमध्ये होते. त्यांना हा संप फार आवडला.

"वहिनी, पायलटला सांगा, आधी गेट धरायचं. गेट धरलं की मॅनेजमेंट घामाघूम."

"काका, त्यांना कुठलं गेट?"

"अरे हो. मग काय धावपट्टीवर सतरंजी घालणार?" ते स्वतःच हसले. "टाय लावून घोषणा देतील. इंग्लिशमधी. 'प्लीज मुर्दाबाद.'"

"हसा तुम्ही. त्यांची तिसरी मागणी महत्त्वाची आहे."

"कुठलीही मागणी असू दे. एक लक्षात ठेवा, शेवटच्या दिवशी काहीतरी सोडावंच लागतं. आम्ही एकदा कॅन्टीन सोडलं होतं."

"तिसरी नाही सोडणार," मी म्हटलं. जणू वाटाघाटीला मीच बसणार होते.

तरी नुसतं वाट बघत बसणं मला जमत नाही. मुळात अंतर खरंच अशक्य आहे का, हे कुणी तपासलं होतं? एका सुट्टीच्या सकाळी मी टॅक्सी बोलावली आणि विमानतळ सांगितलं. गोल्डन नेस्टच्या चौकापर्यंत छान गेलो. काशीमिऱ्याला थोडं थांबलो. दहिसर चेकनाक्याला पोचलो आणि पुढच्या ट्रकमागे लिहिलेलं सगळं माझं दोनदा वाचून झालं, तरी आम्ही तिथेच. ड्रायव्हर आरशातून बघत होता.

"मॅडम, फ्लाइट छूट रही है क्या?"

"नहीं. मुझे कहीं जाना नहीं है."

विमानतळाच्या दाराशी गाडी थांबली तेव्हा मी मोबाइलमध्ये वेळ बघितली आणि म्हटलं, "अब वापस चलो." तो मान वळवून पूर्ण मागे बघायला लागला. "सामान भी नहीं, जाना भी नहीं. किसी को छोड़ने आए थे क्या?" मी हो म्हटलं. परतीच्या वाटेवर तो फार अदबीने बोलला. घरातलं कुणी रुसून गेलं असावं, असं त्याला वाटलं असेल.

आणखी दोनदा गेले. दुपारी रस्ता मोकळा मिळाला. संध्याकाळी अर्ध्या वाटेतूनच परत फिरले. मग मुलाला फोन करून सांगितलं, "दुपारचा स्टँडबाय असेल तर जमतं. मी स्वतः जाऊन बघितलंय."

तो आधी खूप हसला. मग म्हणाला, "आई, तुझा फोन वाजला नव्हता. तू कपडे करून निघालीस. लिफ्ट बंद असेल, टॅक्सी मिळाली नाही, नाक्यावर एखादा कंटेनर बंद पडला, तर? विमानात लोक बसलेले असतात आणि मी चेकनाक्यावर."

"म्हणून तर तिसरी मागणी हवी."

"हो," तो म्हणाला. "बघू."

वाटाघाटींच्या त्या आठवड्यात टीव्हीवर रोज कंपनीची विमानं दाखवत होते. प्रवाशांचे हाल होणार, असं निवेदक मोठ्या आवाजात सांगे. हॉस्पिटलमध्ये आमच्या हिशेबाच्या बाई म्हणाल्या, "एवढा पगार घेऊन यांना संप कसला करायचाय?" एरवी मी उत्तर दिलं असतं. त्या दिवशी मी सलाइनच्या बाटल्यांच्या एक्स्पायरी बघत राहिले. माझ्या मनात संप नव्हताच. माझ्या मनात मुलाच्या खोलीचा रंग होता. कुठला द्यायचा, कपाट कुठल्या भिंतीला सरकवायचं, फोनला रेंज कुठल्या कोपऱ्यात चांगली येते, हे सगळं मी ठरवून ठेवलं होतं. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "आधी त्याला येऊ तर दे." मी रंगवाल्याला तरीही विचारून ठेवलं.

नोटीस लागायच्या आदल्या दुपारी मुलाचा फोन आला. मागे खूप आवाज होते, कुणी टाळ्या वाजवत होतं.

"आई, समझोता झाला. संप नाही. रात्रीच्या ड्युट्यांचं मान्य केलं, विश्रांतीचं मान्य केलं. लेखी दिलंय."

"आणि तिसरं?"

तो कुठेतरी बाजूला गेला असावा, कारण आवाज कमी झाले. "ते सोडलं."

"कुणी सोडलं?"

"आम्हीच. ते म्हणाले, विश्रांती किंवा स्टँडबाय, एक काहीतरी. मग सभेत हात वर करायला सांगितले. मीही केला."

मी रागावले असं त्याला वाटलं. खरंतर तेव्हा माझ्यासमोर त्या खोलीची भिंत होती आणि मी ठरवलेला रंग होता.

"आई, ऐक. मागच्या महिन्यात सलग रात्री होत्या. शेवटच्या पहाटे उतरायच्या थोडं आधी मी डोळे मिटले. मला वाटलं, पापणी लवली. कॅप्टनने नावाने हाक मारली तेव्हा कळलं की मी झोपलो होतो. नंतर ते मला म्हणाले, 'तुझ्याआधी मीही झोपलो होतो.' तुला सांगणार नव्हतो."

हे फोनवर कसं ऐकायचं असतं मला माहीत नाही. मी एवढंच विचारलं, "आज जेवलास?"

"समोसे होते."

"समोसे म्हणजे जेवण नाही."

"बरं," तो म्हणाला.

नवं रोस्टर लागू झालं आणि पहिल्या सलग विश्रांतीला तो घरी आला. तीन प्रकारच्या भाज्या आणि खीर करून ठेवली होती. त्याने चार घास खाल्ले, सगळं छान झालंय म्हणाला, आणि आपल्या जुन्याच रंगाच्या खोलीत जाऊन झोपला. संध्याकाळ झाली तरी उठला नाही. मी मिक्सर लावला नाही, कुकर लावला नाही. यांना टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघायला लावल्या.

बेल वाजायच्या आत मी दार उघडलं, कारण काकांच्या चपला मला जिन्यातूनच ओळखू येतात. हातात पेढ्यांचा पुडा.

"अभिनंदन! कुठाय आमचा—"

"हळू, काका. झोपलाय."

त्यांनी लगेच आवाज खाली आणला. "जिंकलात म्हणे."

"हो. जिंकलो."

"आणि ते तुमचं तिसरं?"

"राहिलं. पुढच्या करारात बघू म्हणतात."

"करार किती वर्षांचा?"

"तीन. पण तोवर तो कॅप्टन होईल. कॅप्टन झाला की मुंबईच मिळेल असं नाही."

पेढे माझ्या हातात देऊन काका चपलांचा आवाज न करता गेले, आणि मी दार अगदी हळू लावलं. आत तो घोरत होता. लहानपणी घोरायचा नाही. मी त्याच्या खोलीच्या दाराबाहेर स्टूल घेतलं आणि बसले. त्याच्याशी बोलायच्या कितीतरी गोष्टी होत्या. उठवावं असं खूप वाटत होतं.