रायनाचा डाख

रायना कुन्चेवा एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा शर्यतीला उतरली, तेव्हा धरणाच्या काठावर सगळ्यांनाच हसू फुटलं. त्यात कुचेष्टा नव्हती. तिथे मांडलेल्या चौदा छोट्या होड्यांपैकी नऊ होड्यांच्या पोटात तिच्याच हातचा डाख, म्हणजे धातू वितळवून केलेला सांधा, होता.

रायना काझानलक गावात दातांच्या कवळ्या बनवायची. होड्यांचा नाद तिच्या नवऱ्याला, स्तामातला. हातभर लांबीच्या, रिमोटवर पळणाऱ्या त्या होड्यांत इंजिनापासून पंख्यापर्यंत तारांची पिळाची केबल जाते. तिच्या टोकाला पोलादी कांडी डाखलेली असते आणि कांडीवर पाणी कापणारा पंखा. स्तामातचा हा सांधा दर रविवारी तुटायचा. अकरा वर्षांपूर्वी तो स्वयंपाकघरात बसून केबल लालभडक तापवत होता, तेव्हा तिला राहवलं नाही.

"अरे, पोलादाचं पाणी उतरवतोयस तू. अशा हाताने मी कवळ्या केल्या असत्या तर अर्धं गाव सूप पिऊन जगलं असतं."

"मग तू कर की."

तिने केला. त्या हंगामात स्तामातचा एकही सांधा तुटला नाही, आणि काठावरचे सगळे तिच्या दारात येऊ लागले. अकरा वर्षं ती दुसऱ्यांचे दांडे, म्हणजे कांडी डाखलेल्या केबली, बनवत राहिली. यंदा मात्र हिवाळाभर खपून तिने स्वतःची पिवळी होडी बांधली.

पहिल्या फेरीत ती होडी सुसाट सुटली. पुढे फक्त लाचेझार होता, सुतारकाम करणारा, चाळिशीतला. चौथ्या वळणावर तिचं इंजिन अचानक किंचाळलं आणि होडी जागच्या जागी डुलत थांबली. मोठ्या नावेतून वल्हवत जाऊन ती काठावर आणली तर पंखा नाही, कांडी नाही. दोन्ही तळाशी गेलेली.

रायनाने केबलचं टोक उन्हात धरलं. ते लख्ख होतं, डाखाचा कणसुद्धा चिकटलेला नव्हता. गुरुवारी घाईत तिने केबल एकदाच धुतली होती. आतल्या तारांत तेल राहिलं असणार.

"मावशी, तुझा डाख सुटला? हे बघायलाच मी जगलो बघ," लाचेझार म्हणाला.

"सुटला नाही रे. धरलाच नव्हता. चूक माझी आहे." ती हे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

शेवटच्या फेरीला चाळीस मिनिटं होती. स्तामात म्हणाला, "माझी होडी घे."

"तुझा दांडा टिकतो हे मला ठाऊक आहे. माझा टिकतो का ते बघायचंय."

गाडीच्या डिकीत जादा केबल आणि कांडी होती. वारा पाण्यावरून सरळ येत होता, म्हणून स्तामातने दोन्ही दारं उघडून त्यांवर घोंगडी टाकली. रायनाने मुरंब्याच्या बरणीत ॲसिटोन ओतलं आणि केबल बुडवून घुसळली. ते काळं झालं. दुसऱ्यांदा करडं. तिसऱ्यांदा स्वच्छ. वाळल्यावर तिने टोक छोट्या बर्नरच्या ज्योतीवर लांबून फिरवलं, तर खोलातलं उरलंसुरलं तेल धूर होऊन निघालं. "बघ, एवढं होतं आत," ती पुटपुटली. मग पॉलिशपेपरने घासलं, डाख धरणारं रसायन लावलं, टोक कांडीच्या भोकात बसवलं आणि सांध्याच्या वर ओली चिंधी बांधली. डाख वर चढला की केबल तिथे ताठ होते आणि तिथेच मोडते.

ज्योत तिने कांडीवर धरली, केबलला लागू दिली नाही. डाखाची तार टेकवली. काही नाही. पुन्हा टेकवली. या वेळी तार पाण्यासारखी झाली आणि भोकात ओढली गेली. कडेला चांदीची बारीक वळी उमटली.

"आता फुंकर मारू नकोस. त्याचं त्याला निवू दे," ती स्तामातला म्हणाली.

निवल्यावर तिने दांडा आरशाच्या तुकड्यावर लोळवला. कुठेही उडी नाही, म्हणजे सरळ होता. वंगण लावून होडीत बसवताना तिने पुढे तीन मिलिमीटर फट ठेवली, कारण जोर आला की केबल पिळून आखडते. आता प्रश्न पंख्याचा. लाचेझारने आपल्या पेटीतला काढून दिला.

"याच्यानेच तुला मागे टाकलं तर?"

"टाकून तर बघ, मावशी."

शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा तिची रिमोटवरची बोटं कवळी घासताना असतात तशीच स्थिर होती. पिवळी होडी मागे पाण्याची माणूसभर भिंत उभी करत पाचवीवरून चौथी आली. सहाव्या वळणावर तिने आतून घुसून स्तामातच्या होडीला मागे टाकलं. "रायने, तिकडे जागा कुठे होती?" तो शेजारून ओरडला. तिला ऐकूही आलं नाही.

वार्ना शहरातून आलेला एक पाहुणा पहिला आला, लाचेझार दुसरा. रायना तिसरी.

होडी हातात येताच तिने कांडी चिमटीत धरून जोराने पिळली. सांधा तसूभरही हलला नाही. मग ती खाली बसली आणि खांदे गदगदून हसू लागली. दुपारभर गळ्यात पदक, तेलकट बोटांत चीज भरलेल्या बनित्साचा तुकडा, आणि भेटेल त्याला ते सहावं वळण हाताने काढून दाखवत ती फिरत होती. स्तामातला तर तिने ते चार वेळा दाखवलं.