शेवटचे तीन सूर

कोणत्याही घरात शिरला की साऊंडवाला दणका आधी एक टाळी वाजवायचा. एकच, कोरडी. मग मान तिरकी करून ती कशी घुमते ते ऐकायचा आणि निकाल द्यायचा, "वरती पत्रा हाय. बास फाटनार." लग्नघर असो की दुःखाचं घर, टाळी चुकली नाही. एकदा अलिबागजवळच्या थळमध्ये, त्याच्याच गावात, कुणाच्या तेराव्याला त्याने ती वाजवली, तेव्हा घरातल्या म्हातारीने "भायेर हो मेल्या" म्हणत त्याला अंगणात काढलं. त्याने अंगणातही वाजवून पाहिली.

"दणका साऊंड" हे त्याच्या टेम्पोवर रंगवलेलं नाव. त्या किनारपट्टीवर हळद असली की बहुतेक सिस्टीम त्याचीच. मी जिल्ह्याच्या एका दैनिकात बातमीदार होतो. आवाजाच्या मर्यादेवरच्या बातमीसाठी त्याला पहिल्यांदा भेटलो. बातमी त्याच्या विरोधात गेली, तरी त्याने बोलावून चहा पाजला. "लिवलंस ते खरा हाय, पत्रकार. पन एकदा आयकायला ये."

घरी तो हळदीची गाणी लावत नसे. परदेशी इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकायचा. यंत्रांचं, शब्दांशिवायचं, तासतासभर चालणारं. "सूर कोनीपन लावील," तो म्हणायचा. "बास पोटातून यायला पायजे."

दिवेआगरच्या एका वाडीत लग्नाची हळद होती. मी त्याच्या टेम्पोतून गेलो होतो. दुपारी मंडळी जेवायला बसलेली असताना तिथे पाहुण्या म्हणून उतरलेल्या एक वृद्ध बाई आल्या. त्यांच्या फोनवरचं एक संगीत त्यांना मोठ्या स्पीकरवर ऐकायचं होतं. शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच संगीतकाराचा पियानो होता. पाण्यावर पडलेल्या उजेडाबद्दल, असं त्यांनी सांगितलं. दणकाने वायर जोडली आणि आवाजाच्या पट्टीवर बोट ठेवून उभा राहिला. दणकाच्या आवडत्या संगीतात आधी हवा तयार होते, मग ठोका कोसळतो आणि त्याच क्षणी आवाज चढवायचा असतो. तो त्या क्षणाची वाट पाहत राहिला. पाच मिनिटांनी पियानो थांबला.

"ठोका कवा येनार?" त्याने विचारलं.

"येतच नाही," बाई म्हणाल्या.

"मंग परत लावा."

चौथ्या वेळी नवरीच्या मामाने वायर उपटली. "अरं दनक्या, हलद हाय का मयत?"

परतताना रोह्याजवळ त्याने टेम्पो बाजूला घेतला. मग म्हणाला, "या पियानोवाल्यानं पेडल दाबून सूर सोडून दिलेत. एकात एक मिसळू दिलेत. आमी मशिन लावून करतो ते यानं पायानं केलाय, पत्रकार. आनि आमची मशिन न्हवती तवा."

त्यानंतर त्याने त्या संगीतकाराचं मिळेल ते जमवलं. लॅपटॉपवर आवाजाची रेघ पाहत तो ऐकायचा. तिथेच त्याला ते दिसलं. दिवेआगरचा तो तुकडा जिथे संपतो असं त्याला वाटत होतं, त्याच्या पुढे रेघेवर तीन बारीक टेकाडं होती. कानात काहीच येत नव्हतं. त्याने मला बसवलं. मला ऐकू आले: अगदी वरचे, अगदी हळू, तीन सूर.

त्या आठवड्यात माझ्या घरी येऊन त्याने टाळी तीनदा वाजवली आणि निकाल दिला नाही.

अलिबागच्या डॉक्टरांनी कान तपासून आलेख समोर ठेवला. तो त्यांच्याआधी दणकाला कळला. "ह्ये मी रोज बगतो. वरच्या सुरांची सगली बटना खाली केल्यावानी." कानाची नस गेलेली आहे, परत येणार नाही, उरलेलं टिकवायचं असेल तर धंदा सोडा, असं डॉक्टर म्हणाले. कानातल्या यंत्राने माणसांचं बोलणं थोडं परत आलं. पियानो मात्र पत्र्याच्या डब्यासारखा वाजे.

ऐन लग्नसराईत त्याने हळदी नाकारल्या. दिवसभर कानात कापूस घालून फिरायचा. उरलेला कान बाजारात खर्चायचा नाही, म्हणायचा. त्याची बायको, आमच्या वहिनी, माझ्यासमोर कडाडल्या, "मी हाका मारून मरतंय ती आयकू येत न्हाय, आनि फ्रान्सचा मेलेला मानूस आयकायचाय ह्याना!" तो हसला. त्याला ऐकू आलं नव्हतं, फक्त त्यांचं तोंड दिसलं होतं.

मग त्याने धंद्यातली युक्ती काढली. वरचं ऐकू येत नाही, तर सूरच खाली आणायचे. लॅपटॉपवर त्याने अख्खा तुकडा एक सप्तक उतरवला. काही महिन्यांनी दोन. मी ऐकला तेव्हा त्यात पाणीही नव्हतं, उजेडही नव्हता. बुडालेल्या पिंपावर कुणीतरी आतून ठोकत असावं तसं काहीतरी होतं. "हे तेच न्हाय ना?" त्याने विचारलं. मी नाही म्हणालो. त्याने मान हलवली आणि पुन्हा लावलं.

आमचं शेवटचं तोंडी बोलणं त्याच्या शेडमध्ये झालं. सकाळची वेळ होती, बाहेर जाळी वाळत होती. त्याने मूळ तुकडा लावला आणि त्या तीन टेकाडांवर बोट ठेवलं.

"सांग."

मी सांगितलं: तीन सूर, वरचे, हळू.

"ते मना दिसताय. कशे हायेत ते सांग. बातम्या लिवतोस ना?"

वीस वर्षं मी आग, अपघात, निवडणुका लिहिल्या होत्या. मला एक वाक्य सुचलं नाही. मी म्हणालो, "गाऊन दाखवतो." त्याच्या कानाशी तोंड नेऊन गायलो. माझा गळा तिथवर पोचत नाही. मी खालून गायलो.

"जोरात."

पुन्हा गायलो.

"अजून जोरात, पत्रकार."

शेवटी मी ओरडत होतो. जाळी वाळवणाऱ्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. दणकाने डोळे मिटले होते, तळहात कानामागे धरला होता. मी थांबलो.

"आला आयकू," तो म्हणाला. "पन तुकडा असा संपत नसंल."

मी मान हलवली. नाहीच.

त्यानंतर त्याचा उरलेला कानही गेला, आणि आम्ही कागदावर बोललो. त्याने सिस्टीमबद्दल लिहिलं, मासळीबद्दल लिहिलं, वहिनीची चेष्टा लिहिली. त्या तीन सुरांबद्दल त्याने पुन्हा काही विचारलं नाही. मी ते आजही ऐकतो, आणि ते कसे आहेत हे मला अजून लिहिता आलेलं नाही.