सज्जनबाईंची आठ दिवसांची वाट

सज्जनबाई आणि हे लिहिणारा यांचा परिचय वारूळवाडीच्या प्रौढ साक्षरता वर्गात झाला. वर्ग शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर भरत असे. शिकणारे, हे लिहिणारा धरून, अकरा जण, सर्व साठीच्या पुढचे, आणि शिकविणाऱ्या एकट्या सज्जनबाई. त्यासाठी त्या काही घेत नसत. नारायणगावच्या बाजारपेठेत त्यांचे स्टीलच्या भांड्यांचे दुकान आहे. त्यांच्या आजेसासऱ्यांनी राजस्थानातून येऊन ते मांडले होते, आणि आता घरातली बोलीही निम्म्याहून अधिक मराठी झाली आहे. जोडाक्षर चुकले तर त्या रागावत नसत. खोडरबर पुढे सरकवीत आणि थांबून राहत. पुढे जे सांगितले आहे ते काही त्यांच्याकडून, काही त्यांच्या सुनेकडून व काही घाटघरच्या जानकूकडून ऐकलेले आहे.

पन्नाशीला डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितले. त्या प्रथम नारायणगडापर्यंत चालू लागल्या, मग शिवनेरीला जाऊ लागल्या, आणि एकदा चालण्याची गोडी लागल्यावर जीवधनपर्यंत पोहोचल्या. जीवधनची वाट अवघड, म्हणून त्यांनी जानकूला सोबत घेतले. जानकू घाटघरचा शेतकरी; भात काढून झाला की तो पाहुण्यांना गडावर घेऊन जातो. आठ वर्षांत बाईंनी त्याच्यासोबत जुन्नरच्या पश्चिमेचे बहुतेक डोंगर पायाखाली घातले. त्यांचे यजमान सुभाषचंद गिऱ्हाइकांना हसून सांगत, की माळ्यावरची बरणी काढायला हिला स्टूल लागते आणि गडावर मात्र ही शेळीसारखी जाते.

एका पावसाळ्यात मुलगा अरिहंत आणि सून रिंकू यांनी पुण्याच्या एका गटासोबत आफ्रिकेतील किलिमांजारो चढण्याचे ठरविले. जाणे फेब्रुवारीत होते. सज्जनबाईंनी जेवताना विचारले, की मी आले तर चालेल का. अरिहंतला आनंद झाला. गटाने पाठविलेल्या कागदावर वर जाण्याच्या तीन वाटा दिलेल्या होत्या, आणि त्यातून एक निवडायची होती. अरिहंतने सर्वांत कमी दिवसांची निवडली. सहा दिवस, मुक्कामाला लाकडी खोल्या, आणि जायची व यायची वाट एकच. आपल्याकडे गडावर जाणारा माणूस जसा जवळची वाट विचारतो, तसेच त्याने केले. बाईंनाही त्यात काही वावगे वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कागद पेन्सिल घेऊन वाचला, तेव्हा पाचव्या दिवसाच्या ओळीवर त्यांचे बोट थांबले. तिथे लिहिले होते की अखेरची चढाई रात्री अकरा वाजता सुरू होईल. उरलेल्या दोन वाटांच्या ओळींतही वेळ तीच होती.

सज्जनबाईंना जैन धर्मातल्या चौविहाराचा नियम होता. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत अन्न नाही, आणि पाण्याचा थेंबही नाही. बावीस वर्षांत त्यांनी तो एकदाही मोडला नव्हता. रिंकूच्या लग्नात वरमाई असूनही त्या सूर्यास्तानंतर नुसत्या हात जोडून पंगतीत फिरल्या होत्या. त्यांनी कागदाच्या कडेला हिशेब मांडला. त्या देशात सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो आणि पहाटे जवळपास त्याच वेळी उगवतो. म्हणजे बारा तास पाण्यावाचून, आणि त्यातले जवळजवळ आठ तास चढणीचे.

गटाच्या म्होरक्याशी फोनवर बोलणे झाले. त्याने आदराने पण स्पष्ट सांगितले, की इतक्या उंचीवर पाणी न पिणारा माणूस स्वतःला आणि सोबतच्यांना धोक्यात घालतो. अशा माणसाला त्या रात्री वर नेणार नाही. बाईंनाही ते पटले. माणूस चुकीचे बोलत नव्हता.

घरात तीन मते झाली. सुभाषचंद म्हणाले, जाऊच नकोस. रिंकू म्हणाली, शेवटच्या मुक्कामापर्यंत चला, आम्ही वर जाऊन परत येतो, तोवर तुम्ही आराम करा. अरिहंतला मात्र आई वरपर्यंत हवी होती.

“मम्मी, एका रात्रीचा तर प्रश्न आहे,” तो म्हणाला. “बावीस वर्षांत किती रात्री झाल्या, मोज.”

“मोजल्या नाहीत, म्हणूनच पाळता आल्या,” बाई म्हणाल्या.

चातुर्मासानिमित्त मंचरला एक साध्वीजी मुक्कामी होत्या. सज्जनबाई एस.टी.ने मंचरला गेल्या आणि त्यांच्यापुढे सर्व वृत्तांत मांडला. साध्वीजींनी कागद हातात न घेता नुसता पाहिला. नियमाला सूट आहे, पण ती आजारपणाला आहे, असे त्या म्हणाल्या. “हौसेला आजार म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा.” परतताना नारायणगाव येईपर्यंत बाईंनी ते ठरविले होते. हौसेला आजार म्हणता येणार नव्हते. पण हौस गेलीही नव्हती.

पुढच्या आठवड्यात त्या घाटघरला गेल्या. जानकू खाचराच्या बांधावर बसून भाकरी खात होता. त्याने आफ्रिका ऐकली होती, पाहिली नव्हती. तरी त्याने सर्व नीट ऐकून घेतले. आमच्यात नियम एकच, असे तो म्हणाला, भाकरी दिसली की खायची. मग त्याने फडक्याला हात पुसले.

“बाई, रातीचंच चढायचं ह्ये ठरवलं कुणी?”

“गटानं. सगळेच तसं जातात.”

“डोंगरानं तर न्हाई ना ठरवलं?”

बाईंनी सांगितले, की वर सगळा घसारा आहे, सुटी बारीक खडी. रात्री ती गोठते म्हणून पाय ठरतो, आणि परतायला दिवसाचा उजेड मिळतो. जानकूने मान हलविली. एवढे त्याला जीवधनवरूनही कळत होते.

“मंग मुक्काम वर सरकवा,” तो म्हणाला. “शेवटचं अंतर तोकडं करा, म्हंजी उजाडल्यावर निघून दिवस हाय तवर माघारी येता येतंय. पर घसारा उन्हानं सुटणार. दोन पावलं वर टाकली का एक खाली येणार. दमणूक लई व्हणार बगा.”

“दमायला माझी ना नाही,” बाई म्हणाल्या.

“आन वरच्या मुक्कामाला अंग सवकलं पायजे. घाई करू नगा. लांबची वाट धरा.”

घरी येऊन बाईंनी म्होरक्याला पुन्हा फोन केला. आता त्यांनी सूट मागितली नाही; जानकूने सांगितले तेच शब्द शुद्ध करून विचारले. नेहमीच्या मुक्कामाहून वर तंबू लागतो का, आणि सूर्य उगवल्यावर निघता येते का. विचारून सांगतो, एवढेच म्होरक्या म्हणाला. तीन दिवसांनी त्याने कळविले, की पश्चिमेकडून चढणारी एक वाट आहे, लेमोशो नावाची, आठ दिवसांची. तिच्या अखेरीस वरचा मुक्काम मिळू शकतो. स्वतंत्र वाटाड्या द्यावा लागेल. आणि दोन अटी राहतील: चालताना पाणी नाकारणार नाही असे लिहून द्यायचे, आणि दुपारी दीड वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचे, फार तर वाटाड्याच्या मताने थोडे पुढेमागे.

अरिहंतचे मित्र सहा दिवसांच्या वाटेने जाणार होते आणि त्याने त्यांना शब्द दिला होता. तो थोडा रागावलाही होता. आईने सोपी गोष्ट अवघड केली असे त्याला वाटत होते. रिंकूने कोणालाही न विचारता आपले नाव सासूच्या कागदावर लिहिले. अशा रीतीने एकाच घरातली माणसे एकाच डोंगराला दोन बाजूंनी गेली.

अरिहंत आपल्या वाटेने पाचव्या रात्री निघून सूर्योदयाला शिखरावर पोहोचला. त्याचे डोके फार दुखले, पण तो पोहोचला. सज्जनबाई त्या दिवशी अजून पठारावर चालत होत्या. तंबूत त्या सूर्यास्तापूर्वी खाखरा व डाळीचे पाणी घेत आणि मग तोंड मिटून पडत. सातव्या दिवशी सूर्य वर आल्यावर त्यांनी दोन पेले कोमट पाणी घेतले व त्या निघाल्या. घसारा सुटलेला होता. जानकूने सांगितले तसेच सर्व झाले, फक्त दोन पावलांमागे एक नव्हे, कधी दीडही पाऊल खाली येई.

सव्वा वाजता त्या ज्वालामुखीच्या तोंडाच्या काठावर आल्या. शिखर तिथून दिसत होते. वाट फारशी चढाची नव्हती, तासाभराची होती. वाटाड्याने त्यांची नाडी व डोळे पाहिले आणि रिंकूला इंग्रजीत सांगितले, की यांची तब्येत चांगली आहे, वेळ थोडी ताणता येईल.

बाईंनी रिंकूकडून विचारून घेतले, की वर जाऊन आले तर तंबूत किती वाजता पोहोचू.

“सात वाजतील म्हणतोय,” रिंकू म्हणाली. “मम्मीजी, सात दिवस चाललोय आपण. एकच तास राहिलाय.”

पावणेसातला सूर्य मावळणार होता. त्यानंतर उतारावर पाणी लागले असते तर एक तर नियम मोडला असता, नाही तर दिलेला शब्द. कारण पाणी नाकारणार नाही असे त्यांनी म्होरक्याला लिहून दिले होते. सज्जनबाई दगडावर बसल्या. त्यांनी बाटलीतले पाणी प्यायले, शिखराकडे पाहिले, आणि काठी उतरणीच्या बाजूला टेकली.

रिंकू तंबूपर्यंत सासूच्या दहा पावले पुढेच चालत राहिली. पाच वाजता त्या पोहोचल्या. बाईंनी तिच्यासाठी पाणी ओतले, तेव्हा तिने ते घेतले.

नारायणगावात त्या परत येण्यापूर्वीच आदेशने फ्लेक्स तयार केला होता. आदेशचे छपाईचे दुकान त्यांच्याच गल्लीत आहे. फ्लेक्सवर मायलेकांचे फोटो शेजारी शेजारी होते आणि दोन्ही नावांखाली ‘शिखर सर केल्याबद्दल अभिनंदन’ असे मोठ्या अक्षरांत होते. लोकांनी पेढे आणले. सुभाषचंद प्रत्येकाला फ्लेक्सपुढे उभे करीत होते. सज्जनबाई सायंकाळी, दिवस असतानाच, आदेशच्या दुकानात गेल्या. आम्ही वर्गातले तिघे तेव्हा तिथे होतो.

“आदेशभाऊ, अरिहंतच्या नावाखालचं राहू द्या,” त्या म्हणाल्या. “माझ्या नावाखाली ‘काठापर्यंत’ असं लिहा.”