ठकू वाघचे दहा मार्क

कॉलेजात आल्याच्या पहिल्याच आठवड्यात ठकू वाघने पाच मंडळांत नाव घातलं. वसतिगृहातल्या मुलींना वाटलं, पोरगी भारीच हौशी दिसते. हौस वगैरे काही नव्हती. नोटीस बोर्डावर मंडळाच्या उद्घाटनाची सूचना लागली की खाली 'चहापानाची व्यवस्था आहे' असं लिहिलेलं असायचं, आणि वसतिगृहाच्या आमटीत डाळ शोधायला पाणबुड्या लागायचा. वाङ्मय मंडळात बटाटेवडा मिळाला, विज्ञान मंडळात नुसतीच बिस्किटं. ठकू कला शाखेची, पण बिस्किटांपुरती विज्ञाननिष्ठ झाली.

हे शहाण्णव साल. भातसानगरच्या पलीकडे डोंगराच्या उताराला एकवीस झोपड्यांची हेदवाडी आहे. तिथली बारावी पास झालेली पहिली मुलगी म्हणजे ठकू. पहिला मुलगा अजून व्हायचाच होता. तिची आई बाईजा तिला शहापूरच्या वसतिगृहात सोडायला आली तेव्हा तिथल्या बाईंना म्हणाली, "पोरीला सांभाळा. पर ती गुमान बसनारी नाय, आधीच सांगते." बाईजाचा अंदाज सहसा चुकत नसे.

मंडळांचा अनुभव मात्र असा आला की वड्यावरही पाणी सोडावं. वाङ्मय मंडळात एका कवीने वनकन्येवर कविता वाचली. त्याची वनकन्या दिवसभर झऱ्याकाठी बसून केसांत रानफुलं माळत होती. "मग हिच्या घरी लाकडं कोण आणतं?" असं ठकूने विचारलं, तर कवी पंधरा दिवस तिच्याशी बोलला नाही. निसर्ग मंडळाने सहल नेली ती तिच्याच रानात. 'आवाज करू नका, म्हणजे प्राणी दिसतील,' असं सांगून तिथले सर स्वतः दोन तास बोलत राहिले. सांस्कृतिक मंडळाने गॅदरिंगला आदिवासी नृत्य बसवलं आणि ते शिकवायला कल्याणहून माणूस आणला. त्याने ठकूला तीनदा ओळीतून बाहेर काढलं, कारण तिचं पाऊल त्याला आदिवासी वाटेना. चौथ्यांदा ती आपणहून निघाली ती परत गेलीच नाही.

उरली राष्ट्रीय सेवा योजना. तिच्यात चहापान नव्हतं, कुदळ होती. पण दोन वर्षांत दोनशे चाळीस तास काम केलं आणि दहा दिवसांचं एक शिबिर केलं की परीक्षेत दहा मार्क वाढवून मिळत. ते दहा मार्क ठकूला हवेच होते. बाकी विषयांत ती बरी होती, पण इंग्रजीशी तिचा उभा दावा. पहिल्या वर्षी इंग्रजीत अठ्ठावीस पडले, आणि पास व्हायला लागत पस्तीस. दुसऱ्या वर्षाच्या मार्चमध्येही विषय सुटला नाही तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही, प्रवेश नाही तर वसतिगृहातली खाट नाही, आणि खाट गेली की सरळ बाईजाच्या मागोमाग वीटभट्टी. तेव्हा ठकूने कुदळ घट्ट धरली.

योजनेचे प्रमुख होते घोलप सर. माणूस वाईट नव्हता, फक्त अहवाल लिहायची त्यांना फार आवड होती. काम सुरू व्हायच्या आधी त्यांचा अहवाल तयार असायचा. सत्त्याण्णवच्या ऑगस्टमध्ये ते शिबिरासाठी गाव शोधायला लागले आणि ठकूने हेदवाडीचं नाव सुचवलं. सर भर पावसात वाडीत आले. प्रत्येक झोपडीतून धूर निघत होता, दारादारांत पोरं होती. सरांनी एकशे सात माणसं मोजली. "अशीच वाडी हवी होती. शिबिर जानेवारीत घेऊ. आणि ठकू, तू शिबिर प्रतिनिधी. तुझे तास पूर्ण धरतो," ते खूश होऊन म्हणाले.

ठकू तिथेच 'सर, पण' म्हणणार होती. दिवाळी झाली की हेदवाडी उठते. दारांना काटेरी फांद्या लावून सगळी माणसं मुरबाडकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती मिरग लागायच्या आधी परततात. जानेवारीत वाडीत भेटतो तो फक्त वाळूआजा, कारण त्याला चालवत नाही. हे सरांना ठाऊक नसावं याचं तिला नवल वाटलं, कारण सर समाजशास्त्र शिकवत आणि 'हंगामी स्थलांतराची सहा कारणे' ही टिपणं त्यांनीच वर्गात लिहून दिली होती. पण तास पूर्ण धरतो म्हणालेत, तर आपण कशाला तोंड उघडा? ठकूने तोंड मिटलं. याची तिला पुढे फार लाज वाटली, पण त्या दिवशी नाही वाटली, हे खरं ते सांगितलं पाहिजे.

जानेवारीत साठ मुलामुलींचा टेम्पो हेदवाडीत उतरला तेव्हा स्वागताला एक कुत्रं आलं. सर एकवीस बंद दारांकडे बघत राहिले. "ग्रामस्थ कुठं आहेत?"

"भट्टीवर, सर."

"सगळे?"

"वाळूआजा हाय ना," ठकू म्हणाली.

शिबिराचं उद्घाटन वाळूआजासमोर नारळ फोडून झालं. आजाने खोबरं मागून घेतलं, मग भाषणं चालू असताना झोप काढली. अहवालात शोषखड्डे लिहिलेले होते, म्हणून शोषखड्डे खणायला घेतले. घरातलं सांडपाणी बाहेर साचू नये, जमिनीत जिरावं, यासाठी खणतात ते खड्डे. वाडीत घरं बंद, चुली थंड, पाण्याचा थेंब सांडायला माणूस नाही. तरी सहा दिवसांत साठ जणांनी एकवीस खड्डे खणले, त्यांत दगड भरले आणि प्रत्येकाला चुन्याची किनार काढली. सापगावचा नरेंद्र जाधव ठकूच्या वर्गातला. त्याचे वडील दवाखान्यात कंपाउंडर होते आणि तोंडाने तो नेहमी फटकळ. तो म्हणाला, "ठकू, तुमच्या कुत्र्याची तरी सोय झाली बघ."

सहाव्या दिवशी निरोप आला, की उद्या विद्यापीठाकडून तपासणीला डॉ. रश्मी दिघे येत आहेत. घोलप सरांच्या तोंडचं पाणी पळालं. अहवालात 'ग्रामस्थांचा उत्स्फूर्त सहभाग' असं आधीच छापून गेलं होतं. आता ग्रामस्थ आणायचे कुठून? पण सर हार मानणारे नव्हते. त्यांनी टेम्पो पाठवून गॅदरिंगच्या कपड्यांची पेटी मागवली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता हेदवाडी माणसांनी भरून गेली. नरेंद्र मिशी लावून पोलीस पाटील झाला. शहापूरच्या मेडिकल दुकानदाराची श्वेता डोक्यावर पदर घेऊन लेकुरवाळी झाली, पण हातातलं घड्याळ काढायला विसरली. ठकूला सर म्हणाले, "तू तुझ्या आईचीच भूमिका कर. घर तुमचंच आहे, अवघड नाही जाणार." ठकूने दाराची फांदी सारली, पेटाऱ्यातलं बाईजाचं हिरवं लुगडं काढलं आणि नेसली. आरसा नव्हता ते बरं झालं. लुगड्याला आईचा वास होता आणि ठकूला एकदम रडावंसं वाटलं. पण मार्च डोळ्यांसमोर होता, तिने पदर खोचला.

दिघे मॅडम जीपमधून उतरल्या. पन्नाशीच्या, पायांत कॅनव्हासचे बूट, बोलणं कमी. त्यांनी खड्डे पाहिले, मान हलवली. मग श्वेतापाशी थांबल्या.

"मुलं किती तुम्हाला?"

"दोन पुरेत, मॅडम," श्वेताने भिंतीवरची जाहिरात म्हणून दाखवली.

"कुठं आहेत?"

"ट्यूशनला."

पोलीस पाटलाला ठसका लागला. सरांनी घाईघाईने ग्रामस्थांच्या उपस्थितीचं पत्रक आणि शाईचं पॅड पुढे केलं. एकेका ग्रामस्थाने पुढे येऊन अंगठा उमटवला. इतिहासाचे, अर्थशास्त्राचे, वाणिज्य शाखेचे अंगठे एकाखाली एक उमटत गेले. मग ठकूची पाळी आली. पत्रकावर सरांनी लिहून ठेवलं होतं, 'बाईजा वाघ, अशिक्षित'. त्यापुढे रिकामी चौकट.

ठकूने अंगठा पॅडवर टेकवला. आणि तिथेच तिचा हात अडला. लुगडं नेसली, आई झाली, वाडी झाली, सगळं झालं. पण बाईजाने तीन दिवसांची मजुरी बुडवून तिला शाळेत घातलं होतं ते काय याच्यासाठी? हेदवाडीतली सही करणारी पहिली बाई ती. तिने अंगठा लुगड्याला पुसला, सरांच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि चौकटीत सही ठोकली. हातात रग होती म्हणून असेल, सही इंग्रजीत झाली. शेपटी काढून, खाली दोन टिंबं देऊन.

मॅडमनी चष्मा लावला. "या बाई अशिक्षित आहेत?"

"होत्या, मॅडम," घोलप सर म्हणाले. घाबरलेला माणूस किती चपळ असतो ते साठ जणांनी त्या दिवशी पाहिलं. "आपला प्रौढ साक्षरता वर्ग. शिबिरातच चालतो."

"सहा दिवसांत इंग्रजी?"

"जिद्द, मॅडम!"

आता मात्र ठकूला राहवेना. हसू आणि राग एकदमच आला. "मॅडम, मला कॉलेजात जाऊन दोन वर्षं झाली, तरी इंग्रजीत अठ्ठावीस पडलेत. सहा दिवसांत कुठलं येतंय? ही सगळी आमच्या कॉलेजची पोरं आहेत. आईचं नाव बाईजा, मी ठकू. ते झाडाखाली झोपलेत तेवढेच खरे ग्रामस्थ. बाकीचे भट्टीवर. मला ऑगस्टपासून माहीत होतं आणि मी बोलले नाही."

पोलीस पाटलाने मिशी काढून खिशात घातली. "बरं झालं, खाजत होती," तो म्हणाला.

मॅडम ओरडल्या नाहीत. "भट्टी कुठं आहे, दाखव," एवढंच म्हणाल्या. जीपमध्ये मॅडम, घोलप सर, नरेंद्र आणि लुगड्यातली ठकू. मुरबाड येईस्तोवर सर खिडकीबाहेर बघत होते.

भट्टीवर हेदवाडी होती. गवताच्या खोपटांची ओळ, त्यांतून धूर, ऑगस्टमध्ये दारांत होती तीच पोरं विटा उलटायला बसलेली. बाईजा गुडघ्यांपर्यंत चिखलात उतरून विटांसाठी गारा तुडवत होती. लेकीला पाहून तिला आनंद झाला असावा, पण आधी तिची नजर लुगड्यावर गेली.

"माझं लग्नाकार्याचं लुगडं कशाला काढलंस गो? आनि ह्यो शाईचा डाग?"

ठकूला जमीन दुभंगावी असं झालं. मॅडम मध्ये पडल्या. "बाई, तुमच्या वाडीत मुलांनी शोषखड्डे खणलेत. सांडपाण्यासाठी. माहीत आहे का तुम्हाला?"

"आमी तर समदी हितं," बाईजा म्हणाली. "मंग सांडायचं कोनी?"

घोलप सरांनी वहीत काही लिहायला घेतलं आणि पेन ठकूकडे राहिल्याचं त्यांच्या लक्षात आलं.

मॅडम ठकूला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तू खरं बोललीस, मला बरं वाटलं. पण हे शिबिर झालं असं मी लिहू शकत नाही. मार्क कोणालाच मिळणार नाहीत. तुलाही नाहीत." ठकूने मान हलवली. तिला हे सही करतानाच कळलं होतं. तरी ऐकल्यावर ती रचलेल्या कच्च्या विटांवरच बसली. एक वीट मोडली, त्यावरून मुकादम ओरडला.

बाईजा पाय धुऊन आली. "काय झालं? त्या बाय काय म्हनल्या?"

"आये, माझे दहा मार्क गेले."

"कितीतले?"

"शंभरातले."

बाईजा तिच्याकडे बघत राहिली. पोरगी एवढ्यासाठी रडते हे तिला पटेना. "मंग नव्वद हायत की अजून! ते कोनी नेले? ते घे ना. रडतीस काय?"

ठकू आईच्या तोंडाकडे बघत होती. दोन वर्षं ती त्या दहांच्या मागे कुदळ घेऊन फिरली होती. उरलेल्या नव्वदांकडे आपण कधी मान वर करून पाहिलंच नाही, हे तिला तिथे, फुटक्या विटेवर बसून कळलं. तिने डोळे पुसले आणि तोंडाला शाई लावून घेतली.

परतल्यावर तिने योजना सोडली, उरलेली सगळी मंडळं सोडली आणि नरेंद्रकडून इंग्रजीचं पुस्तक आणलं. तो शिकवायला बसला की शिव्याच जास्त द्यायचा, पण शिकवायचा. मार्चच्या परीक्षेत त्या नव्वदांतले अडतीस ठकूने घेतले. वसतिगृहातली खाट राहिली, पुढे पदवी झाली. आज ती तालुक्याच्या कचेरीत आहे आणि तिच्या टेबलावर कोणी न वाचता अंगठा लावायला लागला तर ती हात धरते. बाईजा अजून धडधाकट आहे. बाकीचे बावन्न कोणी नेले, हे ती लेकीला अधूनमधून विचारते.